नवऱ्याने पोसायचे म्हणजे नेमके काय? कोकणातल्या घरांतला पैशांचा हिशेब

कोकणात स्थळ सांगताना मुलाच्या नावामागोमाग गाव येते आणि गावामागोमाग लगेच नोकरी आणि मुंबईतली खोली. मुलगा बोरिवलीला असतो, कंपनीत पर्मनंट आहे, खोली स्वतःची आहे, गावाला आंब्याची थोडी कलमे आहेत, एवढे सांगून झाले की मुलीकडची मंडळी पुढचे प्रश्न विचारतात: हातात पगार किती येतो, खोलीचे हप्ते अजून चालू आहेत का, धाकट्या भावंडांची जबाबदारी कोणावर आहे. या चौकशीविषयी दोन मते हमखास ऐकू येतात. एक मत असे, की हल्लीच्या मुली आणि त्यांचे आईबाप पैशाला भुलले आहेत. दुसरे असे, की बायकोला पोसणे हे पुरुषाचे कर्तव्यच आहे आणि ज्याची ऐपत नाही त्याने लग्न करू नये. दोन्ही मते इतक्या ठामपणे मांडली जातात, की ही अपेक्षा कुठून आली, तिच्या बदल्यात बाई काय देते आणि कायदा तिच्या मागे कुठपर्यंत उभा राहतो, हे प्रश्न बाजूलाच पडतात.

आधी एक गुंता सोडवून घेतला पाहिजे. ‘नवऱ्याने पोसायचे’ असे म्हणताना तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बोलल्या जातात. घरखर्च, म्हणजे धान्य, वीजबिल, मुलांची फी आणि औषधपाणी, ही पहिली. आजारपण, नोकरी जाणे, नवऱ्याचा मृत्यू किंवा नवऱ्याने टाकून देणे अशा प्रसंगी लागणारा आधार ही दुसरी. आणि संसार चालू असताना जे साठत जाते, म्हणजे घर, जमीन, ठेवी, दागिने, त्यातला वाटा ही तिसरी. नवरा म्हणतो, ‘तुला काय कमी केले?’ आणि बायको म्हणते, ‘माझ्या नावावर काय आहे?’ तेव्हा तो पहिल्या गोष्टीविषयी बोलत असतो आणि ती तिसऱ्या. दोघेही खरेच बोलत असतात, म्हणून भांडण मिटत नाही.

कोकणात पुरुषाने रोख रक्कम आणायची आणि बाईने बाकी सगळे पाहायचे ही विभागणी घट्ट होण्यामागे जमिनीची आणि गिरणीची गोष्ट आहे. कातळ, डोंगरउतार आणि पावसाळ्यातले एकच भाताचे पीक, त्यातही वाटण्या होत होत उरलेले तुकडे, यांवर घर वर्षभर खाईल याची खात्री नव्हती. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रत्नागिरीकडचे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि घरकामात गेले. बायका मात्र बहुतेक गावातच राहिल्या. त्याची खूण जनगणनेत आजही दिसते. २०११ साली महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, त्याच वेळी रत्नागिरी जिल्ह्यात १,१२२ आणि सिंधुदुर्गात १,०३६ होत्या. पुरुषांची एवढी मोठी संख्या गावाबाहेर असेल, तर गाव कोण चालवते हे वेगळे सांगायला नको.

मुंबईतला चाकरमानी महिन्याकाठी मनिऑर्डर पाठवत असे. ती अनेक घरांत बायकोच्या नावे येत नसे, सासऱ्याच्या किंवा सासूच्या नावे येई. पोस्टमन ओटीवर बसून फॉर्मच्या तळाशी लिहिलेला दोन ओळींचा मजकूर वाचून दाखवी, म्हातारा अंगठा उमटवी, नोटा मोजून घेई, आणि ज्या सुनेच्या नवऱ्याने ते पैसे पाठवले ती दाराआड उभी राहून रक्कम किती आली ते ऐके. तिने लावणी केलेली असे, भारे वाहिलेले असत, गुरे राखलेली असत, सासऱ्याचे दुखणे काढलेले असे. त्या कामाची पावती कुठेच फाटत नसे, तर मनिऑर्डरीची पावती पोस्टात नोंदली जाई. ‘घर कोणाच्या जिवावर चालते?’ या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे कागदावर नेहमी पुरुषाच्या बाजूने लागले.

मुंबईच्या टोकाला याच हिशेबाची दुसरी बाजू होती आणि तिची चर्चा फार कमी होते. गावकीच्या खोलीत दहा-पंधराजणांसोबत पाळीने झोपणारा हा गिरणी कामगार जेवायला खाणावळीत जाई. ती चालवणाऱ्या बहुतेक बायकाच असत, आणि दोन वेळच्या जेवणाचे पैसे तो त्यांना पगाराच्या दिवशी चुकते करी. या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे त्यांना मिळवून दिली. म्हणजे चपात्या लाटणे हे काम गिरणगावात केले की तो व्यवसाय होता, त्याला दर होता, त्यावर बँक कर्ज देत होती. तेच काम त्याच माणसाच्या घरी, गुहागरला किंवा लांज्याला, त्याच्या बायकोने केले की त्याची किंमत शून्य धरली जाई, आणि वर ‘नवऱ्याच्या जिवावर बसून खाते’ असेही म्हणता येई. माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोठी गफलत इथे आहे: जे काम फुकट मिळते ते काम नव्हेच, अशी समजूत.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि पुढे गिरण्या पूर्ववत झाल्याच नाहीत. रोख आणणाऱ्या एका माणसावर अवलंबून असलेली व्यवस्था किती नाजूक असते, हे तेव्हा कोकणातल्या घराघरांना कळले. संपावर गेलेले पुरुष गावी परतले आणि मनिऑर्डरीच्या जागी बायकांची मजुरी आली. कोणी काजूच्या कारखान्यात बी फोडायला गेल्या, कोणी दुसऱ्यांच्या लावणीला, कोणी रोजगार हमीच्या कामावर. घर चालवणारा हात बदलला, तरी ‘कमावता पुरुष’ ही कल्पना काही तेवढ्याने बदलली नाही. पुढच्या पिढीच्या मुलींच्या आयांनी उलट अधिक काटेकोरपणे विचारायला सुरुवात केली, की नोकरी पक्की आहे ना.

किनाऱ्यावरच्या मच्छीमार समाजांत हीच मांडणी निराळी दिसते. हर्णैच्या बंदरात संध्याकाळी होड्यांमधली मासळी वाळूवर येते, ढीग लागतात, लिलाव पुकारला जातो, आणि बोली लावणाऱ्यांच्या कड्यात बायका ठळकपणे दिसतात. कोळंबीचा ढीग हाताने चाळून, खालचा माल वरच्यासारखाच ताजा आहे का हे पाहून, मग भाव बोलणारी ही बाई पुढे बर्फाचा, टेम्पोचा आणि उधारीचा हिशेब डोक्यात ठेवते. पुरुष समुद्रात गेला नाही तर मासळी नाही हे खरे, पण ती विकली गेली नाही तर रातोरात तिची किंमत उतरते, त्यामुळे इथे कोण कोणाला पोसतो हे सांगणे अवघड आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात तर अनेक घरांचे चूलपाणी तिने उन्हाळ्यात खारवून ठेवलेल्या सुक्या मासळीवर आणि तिच्याजवळच्या शिलकेवर चालते. अशा घरात बाईचा आवाज मोठा असतो, आणि तो स्वभावाने नव्हे, तर हातात रोकड असल्यामुळे मोठा असतो. मात्र होडीची नोंदणी, जाळ्यांवरचे कर्ज आणि डिझेलची सवलत यांची कागदपत्रे काढली, तर बहुतेकदा पुरुषाचेच नाव निघते.

दापोली, खेड, चिपळूण या पट्ट्यांतल्या कोकणी मुसलमान घरांत मुंबईची जागा आखाती देशांनी घेतली. तिथे निकाहाच्या वेळी मेहेर ठरतो, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम साक्षीदारांसमोर उच्चारली जाते. रक्कम पुष्कळदा नाममात्र असते आणि ती पूर्ण दिली जातेच असेही नाही. तरीही द्यायचे किती आणि कोणाला, हे मोकळेपणाने बोलून घेण्याची ही पद्धत मला प्रामाणिक वाटते, कारण इतरांच्या लग्नांत मानपान आणि हॉलचा खर्च यांवर रात्री जागवल्या जातात आणि हा प्रश्न मात्र मोघम सोडला जातो.

आता एक रास्त शंका. मुली शिकल्या, नोकरी करू लागल्या, मग ही अपेक्षा अजून का टिकून आहे? पहिले कारण वेळेचे आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळ-वापर पाहणीत, घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करताना आढळल्या, आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. त्यातही स्त्रियांपैकी ८१ टक्के या कामात होत्या आणि पुरुषांपैकी जेमतेम २६ टक्के. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ मिनिटे झाले, म्हणजे बायकांची सुटका दहा मिनिटांची झाली आणि पुरुषांनी आपली नऊ मिनिटे कमी करून घेतली. रोज जवळपास पाच तास अशा कामात जात असतील, तर नोकरीतली बढती, बदली आणि ओव्हरटाइम या गोष्टी आपोआप पुरुषाकडे जातात. मूल झाल्यावर स्त्री-पुरुषांच्या कमाईतली दरी कशी रुंदावते, हे २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या माहितीच्या आधारे दाखवले आहे. चिपळूणला शाळेत शिकवणारी मुलगी लग्नानंतर नवऱ्यामागे विरारला जाते आणि तिथे कोचिंग क्लासमध्ये निम्म्या पगारावर लागते, तेव्हा तेच घडत असते. लग्नाने ती स्थलांतर करते, तो करत नाही. त्या स्थलांतराची भरपाई कोणीतरी करावी, ही तिच्या घरच्यांची अपेक्षा म्हणूनच सरसकट लोभ ठरत नाही.

दुसरे कारण अर्थशास्त्रज्ञांच्या चर्चेत येते. अमर्त्य सेन यांनी कुटुंबाकडे सहकार्य आणि संघर्ष एकाच वेळी चालू असलेली जागा म्हणून पाहिले. घरात दोघांचेही हित एकत्र राहण्यात असते, पण एकत्र राहून कोणाला किती मिळावे यावर ओढाताण चालूच असते, आणि त्या ओढाताणीत ज्याच्याकडे घर सोडूनही जगण्याची सोय असते त्याचे म्हणणे टिकते. बीना अग्रवाल यांनी याच धाग्याने दाखवून दिले, की बाईच्या नावावर जमीन असणे हा तिचा घरातला शब्द बळकट करण्याचा मोठा मार्ग आहे. या नजरेने पाहिले, तर पक्की नोकरी आणि मालकीची खोली मागणारी मुलगी चैन मागत नाही. माहेरी परतण्याची वाट लग्नाबरोबर बहुतेक बंद होते हे तिला ठाऊक असते, आणि पुढच्या घराची भिंत कितपत भक्कम आहे हे ती ठोकून पाहत असते. अडचण एवढीच, की ती भिंत नवऱ्याच्या मालकीची असली म्हणजे आपण सुरक्षित आहोत असे ती धरून चालते, आणि कायदा तसे म्हणत नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहू. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ म्हणून जे प्रसिद्ध होते, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. पुरेशी साधने असलेला पुरुष स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या बायकोकडे दुर्लक्ष करत असेल, तर न्यायदंडाधिकारी दरमहा पोटगीचा आदेश देऊ शकतात. घटस्फोट झाला असला तरी, पुन्हा लग्न केलेले नसेल तर, हा हक्क राहतो. कलम कोणत्याही धर्माला लागू आहे, आणि घटस्फोटित मुस्लिम स्त्रीही त्याखाली मागू शकते हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ च्या निकालात पुन्हा स्पष्ट केले. हेच कलम मुलांना आणि म्हाताऱ्या आईवडिलांनाही पोटगी देते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ खाली तर नवराही बायकोकडून निर्वाहखर्च मागू शकतो, हे अनेकांना ऐकून आश्चर्य वाटते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची असे ठरवले, आणि बायको थोडेफार कमावते एवढ्याच कारणाने तिला नाकारता येणार नाही असेही सांगितले. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ हा पैशांची अडवणूक, स्त्रीधन हिरावणे आणि घरखर्च बंद करणे यांना आर्थिक छळ मानतो, आणि कायदेशीर प्रक्रियेवाचून राहत्या घरातून बाईला हुसकावता येणार नाही असे म्हणतो, मग ते घर कोणाच्याही नावावर असो.

हे सगळे वाचून कायदा बाईच्या बाजूने भरभक्कम आहे असे वाटेल. पण नीट पाहिले तर त्यातले बहुतेक हक्क पहिल्या दोन गोष्टींचे आहेत, म्हणजे खर्चाचे आणि संकटातल्या आधाराचे. तिसऱ्या गोष्टीवर, म्हणजे संसारात साठलेल्या मालमत्तेतल्या वाट्यावर, महाराष्ट्रातला कायदा जवळजवळ गप्प आहे. आपल्याकडे लग्नाने मालमत्ता एकत्र होत नाही. ज्याच्या नावावर जे आहे ते त्याचे. पंचवीस वर्षे संसार केलेल्या बाईला घटस्फोटाच्या वेळी निर्वाहासाठी रक्कम मागता येते, मात्र नवऱ्याच्या नावे घेतलेल्या घराचा निम्मा हिस्सा माझा आहे असे केवळ बायको या नात्याने म्हणता येत नाही. हिंदू वारसा कायद्यानुसार विधवा झाल्यावर ती वारस म्हणून मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीने उभी राहते. नवरा जिवंत असेपर्यंत तिची मालकी अशी काही नसते.

आरोंद्याची खाडी ओलांडून पलीकडे पेडण्यात गेले की हा नियम बदलतो. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता कौटुंबिक बाबींत टिकून राहिली, आणि तिच्यानुसार लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची सामाईक होते, निम्मी-निम्मी. एकाला दुसऱ्याच्या संमतीवाचून घर किंवा जमीन विकता येत नाही, आणि वेगळे होताना वाटणीला सुरुवात निम्म्यापासून होते. लग्नाआधी करार करून मालमत्ता वेगळी ठेवण्याची मुभा तिथे आहे, म्हणजे पैशांचे बोलणे लग्नाच्या आधीच कागदावर येऊ शकते. गोव्याला अगदी आदर्श म्हणण्याचे कारण नाही, कारण मूळ संहितेने मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्याच हाती ठेवला होता, आणि कागदावरचा निम्मा वाटा हातात पडायला तिथेही कोर्टकचेरी चुकत नाही. पण एकाच खाडीच्या दोन काठांवर एकाच बोलीत बोलणाऱ्या, एकाच जत्रेला जाणाऱ्या दोन बायकांपैकी एक घराची निम्मी मालकीण असते आणि दुसरी त्या घरात राहण्याचा हक्क असलेली पत्नी, हा फरक समजला की ‘पोसणे’ आणि ‘वाटा देणे’ या किती दूरच्या गोष्टी आहेत ते लक्षात येते.

घरकामाला किंमत लावणे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी अपघात दाव्यांचे निकाल वाचावेत. गृहिणीचा अपघातात मृत्यू झाला, तर नुकसानभरपाई ठरवताना न्यायालयाला तिच्या कामाचे मोल ठरवावेच लागते. २००१ च्या लता वाधवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते महिना ३,००० रुपये धरले होते, आणि ५ जानेवारी २०२१ च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात गृहिणीचे मानीव, म्हणजे गृहीत धरलेले, उत्पन्न ठरवणे हा तिच्या श्रमाला मान्यता देण्याचा भाग आहे असे स्पष्ट केले. म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावर जीव गेला, तर तिच्या स्वयंपाकाची, लेकरांच्या संगोपनाची, सासूच्या शुश्रूषेची रीतसर आकारणी होते. ती जिवंत असताना ही आकारणी करायला मात्र ना घर तयार असते ना कायदा.

पुरुषांची बाजू इथे मांडली पाहिजे, कारण ती खोटी नाही. गावात राहून कलमांची बाग सांभाळणाऱ्या, हंगामात शेकडो पेट्या हापूस पाठवणाऱ्या मुलाला स्थळे येत नाहीत, आणि मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत चौघांत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराला येतात, ही तक्रार आज कोकणातल्या वाडीवाडीत ऐकू येते. बागायतदाराचे उत्पन्न मोहोरावर, अवकाळी पावसावर आणि दलालाच्या पट्टीवर अवलंबून असते, आणि दरमहा ठरावीक आकडा नाही म्हणून त्याची किंमत कमी होते. शिवाय पक्की नोकरी हीच लायकी ठरली, की ती नसलेला तिशी-पस्तिशीचा मुलगा स्वतःला नालायक समजू लागतो आणि कर्ज काढून खोली घेतो किंवा कर्ज काढून लग्न करतो. आमच्याकडे पुरुषाला पोसण्याची जबाबदारी शिकवतात आणि ती न पेलल्याची लाज शिकवतात. पैसे कमी आहेत हे बायकोला सांगायचे कसे, ते मात्र कोणी शिकवत नाही. पगार बायकोपासून लपवणारे जसे आहेत, तसे कर्ज लपवणारेही आहेत, आणि दुसऱ्या प्रकाराने संसार जास्त बुडतात.

याच जोडीने एक दुटप्पीपणाही वाढला आहे आणि तो दोन्ही बाजूंना आहे. मुलाकडच्यांना कमावती सून हवी असते, पण तिने पगार घरात द्यावा आणि स्वयंपाकही पूर्वीसारखाच करावा अशी त्यांची अपेक्षा असते. काही मुलींना स्वतःचा पगार स्वतःचा आणि नवऱ्याचा पगार दोघांचा असे हवे असते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ नुसार हिंदू स्त्रीने स्वतःच्या कष्टाने मिळवलेली मालमत्ता पूर्णपणे तिचीच असते, त्यामुळे पहिल्या मागणीला कायद्याचा आधार नाही. दुसरी मागणी रास्त आहे की नाही, हे घरकाम कोण करते यावर ठरते. ते तीच करत असेल तर तिचा पगार हा जादा कष्टाचा पैसा आहे, आणि दोघे सारखे करत असतील तर खर्चही दोघांनी उचलणे सरळ आहे. दोघांची कमाई असमान असेल, तर निम्मा-निम्मा खर्च वाटण्यापेक्षा पगाराच्या प्रमाणात वाटणे जास्त न्याय्य पडते: चाळीस हजारवाला आणि वीस हजारवाली असतील, तर घरखर्चाचे दोन भाग त्याचे आणि एक तिचा.

लग्नाआधीच्या नात्यात, म्हणजे रत्नागिरीच्या कॉलेजात किंवा मुंबईच्या ऑफिसात जुळलेल्या प्रेमात, बिल कोणी द्यायचे हा प्रश्न शिष्टाचाराचा आहे, आणि त्यावर मी फार शाई खर्च करणार नाही. त्या नात्यातून पोटगीचा हक्क निर्माण होत नाही. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्याला कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू होऊ शकतो, मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या वेलुसामी निकालानुसार दोघे लग्नाला पात्र असावेत, समाजात जोडपे म्हणून वावरत असावेत आणि बऱ्याच काळासाठी स्वेच्छेने एकत्र राहिलेले असावेत. मुंबईत वर्षानुवर्षे सोबत राहून गावाकडे मात्र ‘मैत्रीण आहे’ असे सांगणाऱ्या मुलाच्या जोडीदारणीला हे आधीच माहीत असलेले बरे.

मग लग्न ठरवणाऱ्यांनी आणि संसार करणाऱ्यांनी काय करावे? पगाराचा आकडा विचारायला हरकत नाही, पण त्याबरोबर कर्ज किती, घर कोणाच्या नावावर, विम्यात वारस कोण, आणि मूल झाल्यावर नोकरी कोण सोडणार हे चार प्रश्न दोघांनी एकमेकांना विचारावेत. नवीन घर घेताना ते दोघांच्या नावे घेता येते. ते केवळ स्त्रीच्या नावे घेतले तर महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, आणि अनेक घरांत ती सवलत मिळवण्याच्या हिशेबाने का होईना, बाई पहिल्यांदा मालक झाली. असलेले राहते घर किंवा शेतजमीन बायकोला बक्षीसपत्राने द्यायची, तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार वेगळा. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली नवऱ्याने बायको-मुलांच्या लाभासाठी आयुर्विमा घेतला, तर त्या पैशावर त्याच्या सावकारांना हात घालता येत नाही. प्रस्ताव भरतानाच ते नमूद करावे लागते, आणि धंद्याच्या कर्जात असलेल्या होडीमालकांनी हे जरूर करावे. बायकोच्या नावे नुसती ठेव ठेवली, तर तिचे व्याज प्राप्तिकरात नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते, ही बारीक गोष्ट मात्र कर वाचवण्यासाठी धावणारे विसरतात. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये पात्र बाईच्या स्वतःच्या खात्यात थेट जमा होतात. रक्कम संसाराच्या मानाने लहान आहे, पण पुष्कळ बायकांनी त्यानिमित्ताने आपले खाते स्वतः चालवायला सुरुवात केली.

शेतजमिनीसाठी १९९२ पासून लक्ष्मीमुक्ती योजना आहे. नवऱ्याने अर्ज केला, की त्याच्या सातबारावर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागते. कोकणात इथेच घोडे अडते. सातबारा अजून आजोबांच्या नावे असतो, नाहीतर त्यावर चुलते, आत्या आणि चुलत भाऊ मिळून वीस-पंचवीस सामाईक नावे असतात, त्यांपैकी निम्मे हयात नसतात आणि उरलेले मुंबईत, पुण्यात, बडोद्यात विखुरलेले असतात. नवऱ्याच्याच हिश्शाचा पत्ता नसेल तर तो बायकोच्या नावे काय करणार? त्यामुळे नव्या सुनेचे नाव जमिनीला लागावे असे कोणाला खरोखर वाटत असेल, तर त्याला आधी तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्यावा लागेल, आजोबांचा मृत्यू दाखला शोधावा लागेल, आणि फेरफारात आत्यांची नावेही लागू द्यावी लागतील. ती वगळण्याचा आग्रह बहुतेक घरांत धरला जातो, आणि नोंद तिथेच वर्षानुवर्षे अडून राहते.